धातूच्या धुळीमुळे झालेला फुफ्फुसाचा आजार : भरपाईसाठी पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

ग्राइंडिंग, बफिंग, पॉलिशिंग किंवा ओतकामात उडणारी बारीक धूळ वर्षानुवर्षे श्वासावाटे आत जाऊन फुफ्फुसाला इजा झाली, तर भारतातील कायदा अशा व्यवसायजन्य आजाराला कामावरील अपघाताच्या बरोबरीचे मानतो. मात्र आजार सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 च्या तिसऱ्या अनुसूचीत असावा लागतो. टंगस्टन कार्बाइड व कोबाल्टसारख्या हार्ड मेटलमुळे होणारे फुफ्फुसविकार, ओतशाळेतील वाळूच्या धुळीने होणारा सिलिकोसिस, बेरिलियम व मँगनीजमुळे होणारे आजार आणि कामातील घटकांमुळे जडलेला दमा त्या यादीत आहेत.

दावा कोठे करायचा, हे आधी ठरवावे. दरमहा 21,000 रुपयांपर्यंत वेतन असलेला आणि ईएसआय म्हणजेच कर्मचारी राज्य विमा योजनेखाली नोंद झालेला कामगार, मग तो कंत्राटदाराकडचा असला तरी, कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडे दावा करतो. नोंद नसलेल्याची भरपाई मालकाने द्यायची असते. एकाच इजेसाठी दोन्हीकडून भरपाई मिळत नाही. ईएसआयमध्ये या लाभासाठी किमान वर्गणीची अट नाही, परंतु अनुसूचीतील काही आजारांसाठी त्या कामावर सलग सहा महिने काढलेले असणे आवश्यक असते.

विमाधारकाने ईएसआय दवाखान्यात किंवा रुग्णालयात तपासणी करून घ्यावी आणि आपण नेमके कोणते काम करतो हे पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगून केसपेपरवर लिहून घ्यावे. ‘खोकला व दम’ एवढीच नोंद राहिली, तर पुढे आजाराचा कामाशी संबंध दाखवणे फार कठीण जाते. आजार व्यवसायजन्य आहे की नाही, याचा निर्णय विशेष वैद्यकीय मंडळ करते. तात्पुरत्या अपंगत्वात सरासरी दैनिक वेतनाच्या 90 टक्के दराने लाभ मिळतो, तर कायम अपंगत्वात कमाईची क्षमता किती घटली त्या प्रमाणात रक्कम ठरते. म्हणूनच एक्स-रेवरील डागांइतकेच स्पायरोमेट्रीच्या, म्हणजे फुंकर मारून श्वसनक्षमता मोजणाऱ्या चाचणीच्या, आकड्यांनाही महत्त्व आहे. लोखंडाच्या धुळीने एक्स-रे ठळकपणे बिघडलेला दिसतो, पण श्वसनक्षमता बरीचशी टिकून असू शकते.

आधार, ईएसआय ओळखपत्र आणि बँक पासबुक ही कागदपत्रे सहसा हाताशी असतात. खरी अडचण कामाच्या पुराव्याची असते. नियुक्तिपत्र, वेतनचिठ्ठ्या, भविष्य निर्वाह निधीचे पासबुक, खाते व यंत्र दाखवणारा हजेरीपट, कारखान्यातील वार्षिक वैद्यकीय तपासणीचे अहवाल आणि जुने एक्स-रे तारखेनुसार लावून ठेवावेत. नियुक्तिपत्रावर केवळ ‘हेल्पर’ असे लिहिले असल्यास कोणत्या धातूवर, कोणत्या यंत्रावर आणि किती वर्षे काम केले याचे सविस्तर निवेदन सहकाऱ्यांच्या प्रतिज्ञापत्रांसह जोडावे. मूळ प्रती कोणाच्याही हाती देऊ नयेत आणि दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोच घ्यावी.

ईएसआय नसलेल्या कामगाराने मालकाला लेखी सूचना द्यावी आणि भरपाई प्राधिकाऱ्याकडे (अशा दाव्यांचा निर्णय करणारा शासकीय अधिकारी) दोन वर्षांच्या आत दावा दाखल करावा. सबळ कारण दाखवल्यास उशीर माफ होऊ शकतो. हार्ड मेटलचे विकार किंवा सिलिकोसिस असलेल्या कामगाराने तेच काम अनेक कारखान्यांत केले असेल, तर भरपाईची जबाबदारी त्या सर्व मालकांवर येते आणि प्रत्येकाचा वाटा प्राधिकारी ठरवतो. त्यामुळे पूर्वीच्या प्रत्येक मालकाचे नाव व तेथील कामाचा कालावधी अर्जात अवश्य नोंदवावा.