एमआयएस-सी : ‘पूर्ण बरा’ या शेऱ्याची पार्श्वभूमी

कोविडनंतर साधारण दोन ते सहा आठवड्यांनी काही मुलांना होणाऱ्या तीव्र दाहजन्य आजाराचा, म्हणजेच एमआयएस-सीचा, पूर्वेतिहास शोधायचा तर १९६७ साली जपानमध्ये वर्णन झालेल्या कावासाकी आजारापर्यंत जावे लागते. हृदयाच्या धमन्यांवरील फुगवटे शोधण्यासाठी ठरावीक अंतराने टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करण्याची शिस्त तिथूनच आली, आणि तिच्यासोबत पाठपुरावा म्हणजे हृदयाचा पाठपुरावा ही समजूतही आली; इको सामान्य आला की मुलाच्या कागदावर ‘पूर्ण बरा’ असा शेरा पडू लागला.

एप्रिल २०२०च्या अखेरीस ब्रिटनमधून पहिला इशारा आला आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात तीन वेगळ्या व्याख्या प्रसिद्ध झाल्या. ब्रिटनच्या व्याख्येत कोविडचा पुरावा सक्तीचा नव्हता; अमेरिकेच्या व्याख्येला २४ तासांचा ताप पुरेसा होता; जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत किमान तीन दिवसांचा ताप हवा होता. गंभीर मूल नजरेतून सुटू नये म्हणून जाळे मोठे ठेवणे तेव्हा योग्यच होते. पुढे मात्र याच व्याख्यांनी निवडलेल्या मुलांवरून आजारातून सावरण्याचे प्रमाण काढले गेले, आणि ज्या गटात सौम्य किंवा मुळात वेगळाच आजार असलेली मुले अधिक, त्याचे प्रमाण अधिक चांगले दिसणार हे उघड होते. भारतात हा गुंता जास्तच वाढला. जून-जुलै २०२१च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १० ते १७ वयोगटातील सुमारे ६२ टक्के मुलांमध्ये कोविडची प्रतिपिंडे, म्हणजे संसर्ग होऊन गेल्याची रक्तातील खूण, आढळली होती. म्हणजे पावसाळ्यात डेंग्यूने फणफणलेल्या मुलाच्या रक्तातही ती सापडण्याची, आणि त्यावरून त्याचा आजार एमआयएस-सी समजला जाण्याची शक्यता मोठी होती. अमेरिकेने आपली व्याख्या २०२३पासून बदलली, तोवर बरीच आकडेवारी जमा झाली होती.

२०२१मध्ये लंडनच्या एका बालरुग्णालयाने ४६ मुलांची सहा महिन्यांनंतरची स्थिती मांडली. त्यांपैकी ४४ जणांचा इको सामान्य होता, परंतु सहा मिनिटांच्या चालण्याच्या चाचणीत ४० पैकी १८ मुले वय-लिंगानुसारच्या तिसऱ्या शतमानाखाली, म्हणजे त्याच वयाच्या शंभर मुलांतील सर्वांत कमी चालणाऱ्या तिघांच्या पातळीला होती. इकोच्या आधारे ‘पूर्ण बरा’ लिहिण्याची पद्धत अपुरी आहे, हे याहून स्पष्टपणे दाखवता येणार नाही. चाचणीत दिसलेल्या या थकव्याला सरसकट दीर्घ कोविड, म्हणजे संसर्गानंतर दीर्घकाळ रेंगाळणारी लक्षणे, म्हणणेही बरोबर नाही, कारण दीर्घ कोविड सौम्य संसर्गानंतरही होतो, तर ही मुले अनेकदा अतिदक्षता विभागातून, स्टेरॉइड आणि इम्युनोग्लोब्युलिन (शिरेतून दिली जाणारी प्रतिपिंडे) घेऊन बाहेर पडलेली असतात. चालण्याच्या चाचणीला लांब सपाट व्हरांडा आणि घड्याळ पुरते. इकोच्या भेटीतच ती उरकता येते.