लोककला शिकवणाऱ्या संस्थांना केंद्राचे अनुदान: पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज नेमका कुठे अडतो

दशावतार, चित्रकथी, दंडार, खडीगंमत, शाहिरी. गावातली मुले यातले काहीतरी शिकत असतात, शिकवणारे आजोबा फुकट शिकवत असतात आणि ढोलकी मढवायची झाली तरी वर्गणी काढावी लागते. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाकडे अशा कामाला पैसे देणाऱ्या योजना आहेत. पण अर्ज बहुधा संस्थेच्या कागदांवरच अडतात. मुले काय शिकतात इथपर्यंत गाडी पोहोचतच नाही.

आधी योजना कोणती ते ठरवा. वर्षभर नियमित शिकवणे चालू असेल तर ‘गुरू-शिष्य परंपरा’ अनुदान. त्यात गुरूला दरमहा १५,००० रुपये आणि शिष्याला वयानुसार २,००० ते १०,००० रुपये मिळतात. शिबिर, कार्यशाळा किंवा महोत्सव घ्यायचा असेल तर सांस्कृतिक कार्यक्रम व निर्मिती अनुदान, सर्वसाधारण मर्यादा ५ लाख. याखेरीज क्षेत्रीय सांस्कृतिक केंद्रांची वेगळी गुरू-शिष्य योजना आहे. गुरूला ७,५००, साथीदाराला ३,७५० आणि शिष्याला १,५०० रुपये दरमहा, सहा महिने ते वर्षभर. तिथे गुरूंची नावे राज्याच्या सांस्कृतिक विभागाच्या शिफारशीने जातात. महाराष्ट्र उदयपूर आणि नागपूर अशा दोन्ही केंद्रांत मोडतो, हे पुष्कळांना माहीतच नसते.

आता अडचणी. पहिली म्हणजे नोंदणी. “आमचे मंडळ पन्नास वर्षांचे आहे” असे सांगणाऱ्यांकडे कागद मागितला की दरवर्षी उत्सवासाठी घेतलेला, सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१-क चा परवाना पुढे येतो. ती तात्पुरती वर्गणी गोळा करण्याची परवानगी आहे, संस्थेची नोंदणी नव्हे. कार्यक्रम अनुदानाला किमान तीन वर्षे जुनी नोंदणीकृत संस्था लागते आणि ही तीन वर्षे नोंदणी प्रमाणपत्रावरच्या तारखेपासून मोजतात. गणपती किती साली बसवायला सुरुवात झाली, याला इथे किंमत नाही.

दुसरी अडचण सर्वांत चिवट. महाराष्ट्रातल्या संस्थेचे विश्वस्त कोण, हे धर्मादाय कार्यालयाच्या परिशिष्ट १ च्या उताऱ्यावरून ठरते. उतारा काढला की त्यावर वारलेले अध्यक्ष आणि दुबईला गेलेले सचिव अजून विराजमान असतात. कारभारी बदलले की त्याच कायद्याच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. तो दिलेला नसतो, किंवा दिलेला असतो पण प्रलंबित असतो. मग अर्जावर सही करणारा एक आणि उताऱ्यावर नाव दुसऱ्याचे. बदल अर्ज मंजूर व्हायला किती तारखा पडतील हे त्या कार्यालयालाही सांगता येत नाही, आणि अनुदानाची जाहिरात तर मोजक्या दिवसांची मुदत देऊन मोकळी होते. म्हणून हे काम जाहिरातीची वाट न पाहता आजच सुरू करा. नुकतीच निवडणूक झाली असेल तर सभेची नोटीस, इतिवृत्त आणि हजेरी सांभाळून ठेवा. बदल अर्ज पुढे त्यावरच टिकतो.

तिसरी, संस्थेची घटना. उद्देशांच्या कलमात वाचनालय, क्रीडा, रक्तदान सगळे असते, कला मात्र नसते. उद्देश बदलायलाही रीतसर दुरुस्ती लागते, नुसता ठराव पुरत नाही.

बाकीचे सोपे आहे: पॅन, दर्पण पोर्टलवरचा (स्वयंसेवी संस्थांच्या नोंदणीचे सरकारी संकेतस्थळ) क्रमांक, तीन वर्षांची लेखापरीक्षित हिशेबपत्रके, कार्यक्रमाचे अंदाजपत्रक, केलेल्या कामाचे फोटो आणि कात्रणे. फक्त संस्थेचे नाव सगळीकडे अक्षरशः एक हवे. पॅनवर ‘कला मंडळ’ आणि बँकेत ‘कलामंच’ असे चालत नाही.

पैशांचे गणितही नीट समजून घ्या. कार्यक्रम अनुदान खर्चाच्या ७५ टक्क्यांपर्यंतच मिळते आणि तेही ७५ आणि २५ टक्क्यांच्या दोन हप्त्यांत. समजा शिबिराचा खर्च ४ लाख आहे. अनुदान जास्तीत जास्त ३ लाख, त्यातले सव्वादोन लाख आधी आणि उरलेले ७५ हजार हिशेब दिल्यावर. म्हणजे स्वतःचे १ लाख धरून पावणेदोन लाखांची सोय संस्थेला करावीच लागते. ती नसेल तर अंदाजपत्रक लहान ठेवा. मंडपवाल्याची उधारी डोक्यावर घेऊन शिबिर करू नका.

संस्थाच नसेल आणि एखादाच होतकरू मुलगा किंवा मुलगी असेल, तर युवा कलावंत शिष्यवृत्ती पाहा. वय १८ ते २५, दरमहा ५,००० रुपये, दोन वर्षे. लोककला आणि पारंपरिक कलाही त्यात येतात. अट अशी की गुरू किंवा संस्थेकडे किमान पाच वर्षे शिक्षण झालेले हवे. फडात वाढलेल्या पोराकडे प्रमाणपत्र कुठून येणार, म्हणून घरचे लोक अर्जच करत नाहीत. इथे गुरूने सही केलेले प्रमाणपत्र चालते, आणि दशावतारी कंपनीचा चालक किंवा फडाचा प्रमुखही गुरू असू शकतो. ‘मुलगा हुशार आहे’ एवढे लिहून भागत नाही. कोणत्या सालापासून, काय काय शिकला, कोणती भूमिका किंवा वाद्य, ते लिहून घ्या. दोन गुरूंकडे शिकला असेल तर दोघांचीही पत्रे जोडा.

अनुदान मिळाले की पावत्यांची फाइल त्याच दिवशी उघडा. कार्यक्रमानंतर सीएच्या सहीचे उपयोगिता प्रमाणपत्र जीएफआर (केंद्र सरकारचे सर्वसाधारण वित्तीय नियम) १२-ए या नमुन्यात द्यावे लागते. गावातला वाजंत्री पावती देत नाही, चहावाल्याकडे बिलबुक नसते. अशांना बँकेतून किंवा यूपीआयने पैसे द्या आणि व्हाउचरवर सही घ्या. आधीच्या एखाद्या अनुदानाचे हे प्रमाणपत्र बाकी असेल, तर नवा अर्ज भरण्याआधी ते देऊन टाका आणि पोचेची प्रत नव्या अर्जाला जोडा.