एक किलो स्फोटक आणि दोन मीटरची चूक

नागपूर-अमरावती रस्त्यावरच्या बाजारगावचं नाव आपल्याकडे स्फोटकांशी जोडलेलं आहे. आसपासच्या खेड्यांतली तरुण मंडळी इथल्या कारखान्यांत कामाला जातात. १७ डिसेंबर २०२३ ला तिथल्या एका कारखान्यात स्फोट झाला आणि नऊ कामगार गेले, त्यांत सहा बाया होत्या. स्फोट म्हणजे काय, हे या गावांना वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

याच भागातल्या उद्योगातून 'नागास्त्र-१' आलं. नागपूरच्या इकॉनॉमिक एक्सप्लोझिव्ह्ज लिमिटेडने पहिले १२० नग जून २०२४ मध्ये लष्कराला दिली. जवानाला पाठीवर नेता येईल एवढं हलकं, आकाशात घिरट्या घालून लक्ष्यावर झेपावणारं हे अस्त्र. त्याच्या पोटात स्फोटक भाग फक्त १ किलोचा, आणि नेम चुकला तरी साधारण २ मीटरच्या आत. डीआरडीओने जुलै २०२५ मध्ये कर्नूलला ड्रोनवरून डागलेलं क्षेपणास्त्रही अख्खं मिळून जेमतेम १२.५ किलोचं आहे. हेलफायर हे अमेरिकी क्षेपणास्त्र अख्खं मिळून ४५ किलोच्या वर जातं.

एवढ्याशा स्फोटकाने काम कसं भागतं? अंगणातला सोयाबीनचा ढीग आठवा. त्याच आकाराचा दुप्पट उंच ढीग करायचा तर सोयाबीन आठपट लागतं. स्फोटाच्या लाटेचंही तसंच आहे. तोच दाब दुप्पट अंतरावर पोचवायला आठपट स्फोटक लागतं. आता हे उलट्या बाजूने बघा. नेम २० मीटरने चुकणार असेल, तर २० मीटरवरही मारा होईल एवढं स्फोटक भरावं लागतं. चूक २ मीटरवर आणली की अंतर दहापट घटतं आणि स्फोटकाची गरज, निदान कागदावर, हजारपट घटते. प्रत्यक्षात भिंत किंवा पत्रा फोडायलाही स्फोटक लागतंच, म्हणून एवढी कपात होत नाही. पण आजूबाजूची माणसं वाचवण्याचं खरं विज्ञान नेमात आहे, हे या गणितातून कळतं.

नेम साधायच्या पद्धती अनेक. एका पद्धतीत लक्ष्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या लेझरचा ठिपका टाकतात. क्षेपणास्त्राच्या नाकातला संवेदक तो ठिपका उजवीकडे सरकला की डावीकडे हे सतत ओळखतो आणि पंख त्याप्रमाणे वळतात. ढग, धूर, दाट धूळ मध्ये आली की ठिपका हरवतो.

लाट मात्र अर्धीच गोष्ट. बॉम्बच्या पोलादी कवचाचे तुकडे लाटेपेक्षा खूप लांब उडतात, आणि उघड्यावरच्या माणसाला तेच जास्त लागतात. म्हणून अमेरिकेने जीबीयू-३९ या छोट्या बॉम्बच्या एका प्रकारात पोलादाऐवजी कार्बन फायबरचं कवच वापरलं, म्हणजे लांब उडणारे तुकडेच कमी होतात.

एवढं करूनही एक भोक उरतं, आणि ते यंत्रात नाही. २९ ऑगस्ट २०२१ ला काबूलमध्ये अमेरिकी ड्रोनने एका गाडीवर क्षेपणास्त्र सोडलं. नेम बरोबर लागला. पण गाडीत दहशतवादी नव्हताच, ती चालवणारा एका मदत संस्थेचा कर्मचारी होता. दहा नागरिक मेले, त्यांत सात लेकरं. काही आठवड्यांनी अमेरिकेने चूक मान्य केली. घर कोणाचं, आत कोण बसलंय, हे दोन मीटरची अचूकता सांगत नाही. 'अचूक' हा शब्द ऐकून निर्धास्त होणारे लोक मला म्हणूनच काळजीत टाकतात.

नागास्त्रातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी सोय त्यामुळे वेगळीच आहे. चालक कॅमेऱ्यातून बघत असतो. लक्ष्य दिसलं नाही किंवा शंका आली, तर तो हल्ला रद्द करून ते परत बोलावू शकतो. मग ते पॅराशूटने खाली उतरतं आणि पुन्हा वापरता येतं. लेझरच्या मागे धावणाऱ्या क्षेपणास्त्राकडे एवढी सवड नसते, ते सुटल्यावर काही सेकंदांतच पोचलेलं असतं.