नॉन-मिनिमम फेज यांत्रिक प्रणालींचे नियंत्रण

नॉन-मिनिमम फेज यांत्रिक प्रणालींचे नियंत्रण : ज्या यांत्रिक प्रणालीच्या ट्रान्सफर फंक्शनचा (इनपुट आणि आउटपुट यांना जोडणाऱ्या s या संमिश्र चलातील गुणोत्तराचा) निदान एक झिरो, म्हणजे ते शून्य करणारे s चे मूल्य, संमिश्र प्रतलाच्या उजव्या अर्ध्या भागात पडतो, तिला हव्या त्या मार्गाने चालवण्याचे शास्त्र. पुढे जाण्याची आज्ञा मिळाल्यावर अशी प्रणाली पुष्कळदा आधी थोडी मागे सरकते आणि मग योग्य दिशा धरते. उंची वाढवताना क्षणभर खाली बसणारे विमान, लवचीक रोबो भुजेचे टोक आणि गाडीवर तोललेला उलटा लंबक ही नेहमीची उदाहरणे होत.

संज्ञा सामान्यतः हेन्ड्रिक बोडे यांच्या नावावर मांडली जाते. बेल प्रयोगशाळेत फीडबॅक प्रवर्धकांवर काम करताना त्यांनी 1940 मध्ये लाभ (संकेत किती पट होतो) आणि फेज (तो किती पुढे-मागे सरकतो) यांच्यातील संबंध मांडला आणि 1945 च्या ग्रंथात तो विस्ताराने दिला. या संबंधामागचे गणित मात्र त्याआधीचे आहे. क्रेमर्स आणि क्रोनिग यांनी 1926–27 च्या सुमारास प्रकाशाच्या अपस्करणासाठी तशाच स्वरूपाची समीकरणे काढली होती. लाभाचा वक्र एकदा ठरला की फेजची किमान पिछेहाट किती असणार हे त्यावरून ठरते. (1−s)/(1+s) हा घटक लाभ कुठेच बदलत नाही, पण फेज 0° पासून 180° पर्यंत मागे खेचतो. तो गुणला गेला की प्रणाली ‘किमान’ राहत नाही.

व्याख्येबाबत एकमत नाही. काही पाठ्यपुस्तके उजव्या अर्ध्या भागात पोल (ट्रान्सफर फंक्शन अनंत करणारे s चे मूल्य) असलेल्या, म्हणजे अस्थिर, प्रणालींनाही याच वर्गात टाकतात. काही वेळविलंबही धरतात. बोडे यांचा विचार स्थिर जाळ्यांपुरता होता, हे ध्यानात घेता झिरो आणि विलंब यांपुरती संज्ञा राखणे अधिक सयुक्तिक ठरते. अस्थिर पोल फीडबॅकने हलवता येतो, झिरो हलत नाही, आणि या विषयाची सगळी अडचण या फरकातच आहे. अरेषीय प्रणालींसाठी बर्न्स आणि इसिडोरी यांनी 1980 च्या दशकात ‘झिरो डायनॅमिक्स’ ही कल्पना रुजवली : आउटपुट शून्यावर धरून ठेवले असता आतली उरलेली गती अस्थिर असेल, तर प्रणाली नॉन-मिनिमम फेज मानतात.

उलट हालचाल आणि उजवा झिरो यांचे नाते सर्रास सांगितले जाते तितके सरळ नाही. विद्यासागर यांनी 1986 मध्ये दाखवल्याप्रमाणे, स्थिर प्रणालीचा स्टेप प्रतिसाद (आज्ञा एकदम बदलून तशीच धरली असता मिळणारे आउटपुट) अगदी सुरुवातीलाच उलटा जातो तो उजवीकडील वास्तव झिरोंची संख्या विषम असताना. ती सम असेल तर प्रतिसाद आधी योग्य दिशेने निघून वाटेत चिन्ह बदलतो. संमिश्र जोडी असेल तर उलट हालचाल होईलच असे नाही.

z हा उजवीकडील वास्तव झिरो असेल, तर बंद वळशात (फीडबॅक जोडलेल्या प्रणालीत) कोणताही स्थिरकारी नियंत्रक लावला तरी स्टेप प्रतिसाद y(t) चा e^(−zt) ने भारित समाकल शून्यच येतो. म्हणून y(t) ला ऋण व्हावेच लागते, आणि स्थिरावण्याची घाई जितकी जास्त तितकी उलट झेप मोठी. z = 1 प्रतिसेकंद धरून प्रतिसाद 2 टक्क्यांच्या पट्ट्यात 3 सेकंदांत आणायचा असेल तर उलट झेप किमान सुमारे 5 टक्के; 1 सेकंदात आणायचा तर सुमारे 57 टक्के; अर्ध्या सेकंदात आणायचा तर 150 टक्क्यांहून अधिक. हा नियंत्रकाचा दोष नव्हे. व्यवहारात वळशाची पट्टरुंदी (तो किती जलद बदल पाळू शकतो याची मर्यादा) साधारण z/2 च्या आत ठेवतात.

अस्थिर पोल p आणि झिरो z एकत्र आले की स्थिती अधिक बिकट होते : संवेदनशीलतेचे शिखर, म्हणजे बाहेरचा अडथळा फीडबॅकमुळे जास्तीत जास्त किती पट वाढतो ते, (z+p)/|z−p| पेक्षा खाली आणता येत नाही. गाडीवरील उलट्या लंबकात, बलापासून गाडीच्या स्थानापर्यंत, z = √(g/l) आणि p = z√(1+m/M) येतात (g गुरुत्वत्वरण, l दांड्याची लांबी). गोळ्याचे वस्तुमान m गाडीच्या वस्तुमानाच्या, म्हणजे M च्या, दशांश असेल तर हे शिखर 42 च्या आसपास जाते. फक्त गाडीचे स्थान मोजून असा लंबक तोलणे कागदावर शक्य आहे (तेही नियंत्रक स्वतः अस्थिर ठेवून), प्रत्यक्षात जवळजवळ अशक्य. दांड्याचा कोनही मोजला की दोन्ही आउटपुटांना सामाईक झिरो उरत नाही आणि हाच प्रयोग विद्यार्थ्यांच्या आवाक्यात येतो.

यांत्रिक रचनेत असा झिरो बहुधा बल लावण्याचे ठिकाण आणि मोजण्याचे ठिकाण वेगळे असल्याने उपजतो. लवचीक भुजेच्या बुंध्याशी मोटार आणि तिथेच संवेदक असेल तर झिरो काल्पनिक अक्षावर किंवा डावीकडे राहतात. संवेदक टोकाला नेला की काही झिरो उजवीकडे येतात. प्रतिमानात कंपनाचे किती प्रकार धरले यावर त्यांची संख्या अवलंबून असते, त्यामुळे ग्रंथांतील आकडे ताडून पाहणे बरे. टोकाच्या स्थानावरून थेट नियंत्रण करण्याचे आरंभीचे गाजलेले प्रयोग कॅनन आणि श्मिट्झ यांचे (1984). विमानात एलिव्हेटर वर वळवला की शेपटीवर खालच्या दिशेने बल येते, त्यामुळे गुरुत्वमध्य आधी किंचित खाली जातो. नाक उचलून पंखांचे उत्थापक बल वाढल्यावर उंची वाढते. सायकलस्वार उजवीकडे वळण्यापूर्वी हँडल क्षणभर डावीकडे नेतो, हे रँकिन यांनी 1869 च्या सुमारास नोंदवले होते.

उपायांपैकी झिरोचा व्यस्त घेऊन तो खोडणे हा मोहक पण घातक मार्ग आहे : आउटपुट सुरेख दिसते आणि आतले इनपुट अमर्याद वाढत जाते. तोमिझुका यांच्या 1987 च्या पद्धतीत खोडण्याऐवजी फेजची त्रुटी शून्य केली जाते, लाभात थोडी चूक राहू दिली जाते. मार्ग आधीच ठाऊक असेल तर देवाशिया, चेन आणि पेडन (1996) यांचा स्थिर व्यस्त वापरता येतो. त्यात आज्ञेच्या क्षणापूर्वीच इनपुट सुरू करावे लागते. साधारण 4/z सेकंद आधी मार्ग कळला तर उरणारा परिणाम सुमारे 2 टक्क्यांवर येतो. हाउझर, शास्त्री आणि मेयर यांनी 1992 मध्ये उभ्या उड्डाणाच्या विमानासाठी, कलण्याच्या नियंत्रणातून येणारे लहान आडवे बल दुर्लक्षून, जवळच्या मिनिमम फेज प्रतिमानावर नियंत्रक रचला. हे बल फार वाढले तर ही युक्ती चालत नाही.

संगणकीय नियंत्रणात आणखी एक गोष्ट आड येते. पोलांची संख्या झिरोंपेक्षा तीन किंवा अधिकने जास्त असलेली प्रणाली मुळात मिनिमम फेज असली, तरी पुरेशा जलद सॅम्पलिंगने (ठरावीक अंतराने नमुने घेऊन) तिचे विविक्त प्रतिमान नॉन-मिनिमम फेज होते, म्हणजे त्याचा झिरो एकक वर्तुळाबाहेर पडतो (ऑस्ट्रम, हागँडर आणि स्टर्नबी, 1984). अंतर तीनचे असताना सॅम्पलिंगमुळे आलेला एक झिरो −3.73 कडे झुकतो. म्हणून अशा ठिकाणी नमुने घेण्याचा वेग वाढवून भागत नाही, आणि विविक्त व्यस्तावर आधारलेले अनुकूली नियंत्रक सॅम्पलिंगचा काळ ठरवल्यानंतरच तपासावे लागतात.