मेश वायफायमध्ये नवीन युनिटची जुळणी

घरात आधीपासून चालू असलेल्या मेश वायफायला आणखी एक डबा (म्हणजे युनिट) जोडायचा असेल तर तो जुन्या डब्यांशी बोलेल का, आणि बोलला तरी किती स्पीडने, हे विकत घ्यायच्या आधी बघून घेणं म्हणजे ही जुळणी. मेशमध्ये एक मेन युनिट असतं, ते फायबरच्या ओएनटीला (फायबरची वायर घरात जिथे येते त्या डबीला) केबलने जोडलेलं, बाकीची युनिटं त्याच्याकडून नेट घेऊन पुढच्या खोल्यांना देतात आणि सगळ्या घरभर वायफायचं नाव नि पासवर्ड एकच राहतो.

लोकांचा गैरसमज इथे होतो की वायफाय सगळीकडे सारखंच, मग मेशही सारखंच असणार. फोन कुठल्याही राउटरला लागतो हे खरंय, पण डब्यांनी आपापसात कसं बोलायचं हे जवळपास प्रत्येक कंपनीने आपलं आपलं ठरवलंय, त्यामुळे बॉक्सवर नुसतं 'मेश' लिहिलंय म्हणून घेऊ नका. एकाच कंपनीतसुद्धा दोन वेगळी घराणी असतात! टीपी-लिंकचे डेको मॉडेल नवे-जुने एकमेकांत चालतात, पण त्याच कंपनीचा आर्चर राउटर आणि वनमेश या दुसऱ्या घराण्याचा एक्स्टेंडर (वायफाय लांबवणारा डबा) डेकोच्या मेशमध्ये येत नाही. ईरो या ब्रँडमध्ये जुन्या पिढीचे डबे नव्यांबरोबर चालतात. गुगलचं उलट, २०१६ चं गुगल वायफाय आणि २०१९ चं नेस्ट वायफाय एकत्र नांदतात पण २०२२ मध्ये आलेलं नेस्ट वायफाय प्रो या दोघांशीही जुळत नाही, तिथे सगळा संचच बदलावा लागतो. नेटगिअरच्या ऑर्बीचंही तसंच, ५० सिरीजचा सॅटेलाइट (मेन सोडून बाकीचा डबा) ८५० सिरीजच्या राउटरला लागत नाही. आसुसने २०१८ मध्ये एआयमेश आणलं त्यात मात्र वेगवेगळे राउटर एकत्र जोडता येतात, फक्त ते मॉडेल एआयमेशच्या यादीत आहे ना ते बघायचं.

कंपन्यांमधली ही भिंत पाडायला वायफाय अलायन्सने २०१८ मध्ये ईझीमेश आणलं, त्यात एक कंट्रोलर (सगळ्यांना सांभाळणारा) आणि बाकी एजंट (त्याचं ऐकणारे) अशी रचना असते. कल्पना फार चांगली आहे आणि ती पसरायलाच हवी, पण माझ्या मते दोन वेगळ्या कंपन्यांचे डबे घेताना नुसत्या ईझीमेशच्या लोगोवर भरवसा ठेवू नये, परत करायची सोय असेल तरच घ्यावं.

घराणं जुळलं की मग स्पीडचा प्रश्न, आणि खरी गोम इथेच आहे. दोन युनिटांमधल्या दुव्याला बॅकहॉल म्हणतात. समजा मेन युनिट एएक्स३००० (वायफाय ६ च्या पिढीचं) आहे, म्हणजे ५ गिगाहर्ट्झवर २४०२ एमबीपीएस, आणि स्वस्त मिळाला म्हणून एसी१२०० (त्याच्या आधीच्या वायफाय ५ च्या पिढीचा) डबा जोडला तर त्याचं ५ गिगाहर्ट्झ ८६७ वरच थांबतं, म्हणून त्या दोघांमधला दुवाही ८६७ च्या वर जाणार नाही, आणि हा आकडा कागदावरचा, प्रत्यक्षात बराच कमी. वर ड्युअल बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोनच बँड) असेल तर तोच रेडिओ मागून घेतो नि पुढे देतो, त्यामुळे जो स्पीड उरतो तोही साधारण निम्मा होतो. ट्राय बँडमध्ये, म्हणजे तीन बँड असले की, दुव्यासाठी वेगळा बँड ठेवता येतो म्हणून तिथे एवढा फटका बसत नाही. जुना-नवा एकत्र करायचाच तर नवा डबा मेन करा आणि जुना मागच्या खोलीत टाका, उलटं करू नका.

आमच्या कोकणातल्या घरात मी हे स्वतः अनुभवलंय, जांभ्याच्या चिऱ्याच्या भिंती इतक्या जाड की ५ गिगाहर्ट्झ दुसऱ्या खोलीतच धापा टाकतं, म्हणून सेलमध्ये त्याच कंपनीचा एक डबा मागवला तर ॲपमध्ये तो दिसेचना, दोन तास रिसेट करण्यात गेले आणि मग कळलं की तो दुसऱ्या घराण्याचा आहे. शेवटी पडवीतून लॅनची केबल ओढली, आधीच्याच संचातला एक डबा मागच्या खोलीत नेऊन तिला जोडला आणि त्या दिवसापासून आईचा व्हिडिओ कॉल एकदाही अडकला नाही. केबलचा बॅकहॉल शक्य असेल तर दुसरं काही शोधूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. फक्त पोर्ट बघा, डेको ई४ सारख्या स्वस्त मॉडेलचे पोर्ट १०० एमबीपीएसचेच आहेत, तिथे ३०० चा प्लॅन असला तरी केबलमधून शंभरच्या आतच येणार.

डब्याच्या खालचं लेबलही वाचा, मॉडेलच्या नावापुढे व्ही१, व्ही२ असं हार्डवेअर व्हर्जन असतं आणि फर्मवेअर (डब्याच्या आतलं सॉफ्टवेअर) त्यावर ठरतं. अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेलं युनिट इथल्या संचात घालताना जास्त सावध राहावं, देशागणिक परवानगी असलेले चॅनल वेगळे असतात आणि काही कंपन्या वेगळ्या देशांची व्हर्जन एकत्र चालू देत नाहीत.

आणि जुनं घराणं बंदच झालं असेल, नवीन डबे मिळतच नसतील, तर जुना राउटर केबलने जोडून ॲक्सेस पॉइंट मोडवर (म्हणजे केबलमधून आलेलं नेट नुसतं वायफायने पुढे देण्यापुरता) टाकता येतो, नाव, पासवर्ड आणि सिक्युरिटी तीच ठेवायची, चॅनल वेगळा द्यायचा. याला मेश म्हणता येणार नाही, कधी कधी फोन लांबच्या डब्याला चिकटून बसतो कारण कुठल्या डब्यावर जायचं हे शेवटी फोनच ठरवतो, पण मागच्या खोलीत नेट येतं आणि नवीन खर्च फक्त केबलचा.