‘जाळला की संपला’ हे खरं नाही

ओहोटीला खाडीच्या काळ्या चिखलात काठी खुपसली की बुडबुडे येतात आणि कुजक्या अंड्याचा वास सुटतो. तो वास हायड्रोजन सल्फाइड वायूचा; हाच वायू तेलशुद्धीकरणातही निघतो. ‘जाळला की संपला, त्याचा काय उपयोग?’ हे आपल्या कोकणात वर्षानुवर्षं ऐकतोय. साफ चूक! जाळल्यावर सल्फर डायऑक्साइड होतो, तोही विषारीच.

या वायूच्या 34 किलोत 32 किलो गंधक आणि 2 किलो हायड्रोजन असतो. गंधक म्हणजे हापूसच्या मोहरावर भुरीसाठी आपण फवारतो तेच. या वायूतून गंधक काढायच्या जुन्या क्लाउस पद्धतीत गंधक हाती लागतं, हायड्रोजनचं, म्हणजे चांगल्या इंधनाचं, मात्र पाणी होऊन जातं. इथेच ऊन कामाला येतं. वायू अल्कलीच्या पाण्यात विरघळवायचा, त्यात कॅडमियम सल्फाइडसारखी पिवळी पूड मिसळायची आणि काचेतून ऊन पडू द्यायचं. हायड्रोजनचे बुडबुडे उठू लागतात. पाण्याचं विघटन करायला लागते त्याच्या साधारण सातव्या हिश्श्याएवढीच ऊर्जा याला पुरते. पुण्याच्या सी-मेट या सरकारी संशोधन संस्थेत यावर संशोधन झालंय.

आणि हो, वास अचानक थांबला म्हणून वायू गेला असं समजू नका. प्रमाण वाढलं की तो नाकच बधिर करतो. आधी तिथून बाहेर पडा.