नवीन गाडीचा पत्रा एवढ्यात कसा काय चेपतो? (आमच्या ग्राहकांसाठी)

गाडी डेंटिंगला आली की निम्म्या लोकांचं वाक्य ठरलेलं, "काय राव, एवढे लाख मोजले आणि पत्रा बघा, पापड नुसता! आमची अँबॅसॅडर असती तर समोरच्याचाच चुरा झाला असता." पत्र्याचं बरोबर आहे, अँबॅसॅडर काय किंवा कुर्ल्याला बनायची ती पद्मिनी काय, दणकटच होत्या, बंपरला बंपर लागला तर कपडा मारून पुढे जायचं. पण जोरात ठोकली तर गाडी थांबते आणि तो दणका कुठेतरी जाणारच, पुढचा पत्रा खात नसेल तर आत बसलेला माणूस खातो.

मर्सिडीजचे बेला बारेनी नावाचे इंजिनिअर होते त्यांनी हे ओळखलं, 1951 ला पेटंट टाकलं की गाडीचा पुढचा-मागचा भाग चेपू द्यायचा आणि मधला बसायचा डबा कडक ठेवायचा. 1959 ला तशी गाडी विक्रीला पण आली. त्याच वर्षी व्हॉल्वोच्या निल्स बोलिन यांनी आजचा खांद्यावरून येणारा तीन पॉइंटचा सीटबेल्ट आणला (आधी ते विमानातून पायलटला बाहेर फेकणाऱ्या सीटवर काम करायचे!) आणि कंपनीनं ते पेटंट सगळ्यांना वापरू दिलं.

"जुनं ते मजबूत" यावर अजून विश्वास असेल तर 2009 ची टेस्ट ऐका. अमेरिकेत 1959 ची शेवरोले बेल एअर आणि 2009 ची शेवरोले मालिबू, दोन्ही ताशी 64 किलोमीटरच्या स्पीडनं समोरासमोर ठोकल्या. ती जुनी लांबलचक गाडी, तिची केबिनच आत आली, ड्रायव्हर जिवंत राहिला नसता. मालिबूचं बोनेट पार गेलं पण तिच्या ड्रायव्हरच्या पायाला फार तर लागलं असतं. व्हिडिओ यूट्यूबवर आहे, जरूर बघा.

आपल्याकडे हे उशिरा आलं. 2014 ला ग्लोबल एनकॅपनं (गाड्या ठोकून सुरक्षेचे स्टार देणारी संस्था) आपल्या पाच छोट्या गाड्या एअरबॅग नसलेल्या बेस मॉडेलमधे ठोकून बघितल्या आणि पाचही शून्य स्टार! मग हळूहळू नियम आले, 2019 पासून ड्रायव्हरची एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होऊ न देणारी सिस्टीम), नंतर शेजारच्या सीटला पण एअरबॅग, आणि ऑक्टोबर 2023 पासून आपलं स्वतःचं भारत एनकॅप. त्याआधी 2018 ला टाटाच्या नेक्सॉनला ग्लोबल एनकॅपचे पाच स्टार मिळाले तेव्हापासून लोक शोरूममधे मायलेजच्या जोडीला स्टार पण विचारायला लागले, हे चांगलं झालं.

आता आमच्या कामाचं. बऱ्याच गाड्यांत बंपरच्या मागे आडवा बीम आणि दोन क्रॅश बॉक्स असतात, ते चेपण्यासाठीच दिलेले असतात, एकदा चेपले की बदलायचे. "ठोकून सरळ करा, लांबी (पुट्टी) भरा, दिसतंय कोणाला" असं म्हणू नका प्लीज. पिलरचं (छत धरणाऱ्या खांबांचं) स्टील पण हल्ली वेगळं असतं, गॅसनं तापवून ओढलं की त्याची ताकद जाते, वरून पेंट झकास दिसेल पण पुढच्या वेळी तो पिलर टिकणार नाही. म्हणून आम्ही तिथे गॅस लावत नाही, कितीही ओळखीचे असलात तरी.

पुढे लोखंडी गार्ड बसवून मागता तेही आम्ही करत नाही. एक तर डिसेंबर 2017 मधेच केंद्रानं राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलंय, आणि दुसरं म्हणजे गार्ड थेट चासीला बोल्ट केलेला असतो, दणका क्रॅश बॉक्सला चुकवून सरळ आत, एअरबॅगच्या सेन्सरचं गणितही बिघडू शकतं, आणि रस्त्यावरच्या माणसाला लागला तर त्याचं काय होईल विचार करा.

सीटच्या कडेला एअरबॅगचं लेबल असेल तर साधं जाड कव्हर घालू नका, शिवणीतून एअरबॅग बाहेर यायची असते. बेल्टचा आवाज बंद करायची ती क्लिप फेकून द्या, 2023 मधे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं तिची ऑनलाइन विक्री बंद करायला लावली. एअरबॅग डोळ्याची पापणी लवायच्या आत फुटते, बेल्ट नसेल तर तुम्ही तिच्यावर जाऊन आपटता. मागे बसणाऱ्यांनी पण बेल्ट लावायचा, नियम तर आहेच, पण मागचा माणूस उडून पुढच्याच्या सीटवर येतो हे कोणी लक्षात घेत नाही.

आणि सेकंडहँड गाडी घेताना एक बघा. चावी फिरवली की एअरबॅगचा लाइट काही सेकंद लागून विझला पाहिजे. लागलाच नाही तर कोणीतरी बल्ब किंवा वायरिंगमधे कारागिरी केलेली असू शकते, फुटलेली एअरबॅग बदलायचा खर्च वाचवायला असले उद्योग होतात. गाडी आणा, आम्ही स्कॅनर लावून बघतो. एअरबॅग फुटलेली असेल तर बेल्ट ओढून धरणारा भाग पण बऱ्याचदा उडालेला असतो, तोही बदलावा लागतो, त्यामुळे एस्टिमेटमधे बेल्टची लाइन दिसली तर दचकू नका, जुना बेल्ट आम्ही दाखवायला ठेवतो.